न उभा राहिलेला खटला

केनेथ मॅन ह्यांचा पांढरपेशा गुन्ह्यांच्या बचावावरील इंग्रजी ग्रंथ १९८५ सालीं येल विद्यापीठानें प्रसिद्ध केला. 'पांढरपेशा' म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें बेताच्या पगाराचा, स्वच्छ धोतरांतला कारकून येतो; परंतु एडविन सदरलँड ह्या समाजशास्त्रज्ञानें १९३९ सालीं अमेरिकेंत हा शब्द गुन्ह्याला जोडला, तो प्रतिष्ठितांनीं आपल्या धंद्याच्या ओघांत केलेल्या अपराधांसाठीं.

वकिली म्हणजे उलटतपासणी आणि ज्यूरीपुढील भाषण, ही आपली नाटकांवरून बनलेली समजूत हा ग्रंथ पार मोडून टाकतो. न्यूयॉर्कच्या वकिलांच्या कामांत वावरून ग्रंथकारानें दाखविलें आहे कीं, त्यांचें खरें कसब खटला उभा राहण्याच्या आधींच खर्ची पडतें. भुरट्या चोरास पोलीस प्रथम पकडतात, वकील मागाहून येतो; येथें चौकशीचा सुगावा लागतांच वकील हजर होतो, आणि कोणता कागद सरकारच्या हातीं जावा, अशिलानें कोठें गप्प बसावें, ह्याची चिंता वाहूं लागतो. दोषारोप ठेवला गेला कीं त्याची अर्धी हार झालीच. अशिलाला प्रश्नही तो जपून विचारतो. बचावापुरतें कळावें, पण नको तें कळूं नये! हा भाग आम्हांस फार मार्मिक वाटला.

मात्र ग्रंथकाराची बैठक वकिलाच्या खोलींतून हलत नाहीं. ज्यांचे पैसे बुडाले त्यांची सावली ह्या पानांवर आम्हांस फारशी दिसली नाहीं.

शिवाय काळ पालटला आहे. आज मोठ्या कंपन्या सरकारी चौकशीची चाहूल लागली कीं स्वतःच वकील नेमून घरची तपासणी करवितात, व पुष्कळदां तिचे निष्कर्ष सरकारच्या स्वाधीन करितात. परदेशांतील अधिकाऱ्यांना चारलेल्या पैशांवरून निघालेल्या अपजॉन खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९८१ सालीं नोकरांनीं कंपनीच्या वकिलाला सांगितलेल्या गोष्टींना गुप्ततेचें संरक्षण दिलें. पण तें संरक्षण कंपनीचें, बोलणाऱ्याचें नव्हे. कंपनीला सोयीचें वाटलें तर ती तें सोडूं शकते. सज्जन वकील आरंभींच हें बजावतो. तरी समोरचा हिशेबनीस त्याला आपलाच समजून मन मोकळें करतो. माहिती अडवून धरणारा मॅन ह्यांचा वकील येथें माहिती पोंचविणारा होतो, आणि अडकतो तो पुन्हा बेताच्या पगाराचा माणूस. ग्रंथाची नवी आवृत्ति निघाल्यास ह्या हिशेबनिसावर एक प्रकरण अवश्य असावें.