लठ्ठपणा : श्रीमंतांचा रोग?

आहारविषयक तक्ते बहुतेक शाळांच्या भिंतींवर असतात. त्यांपैकी एक आम्ही माढ्यातील एका शाळेत पाहिला. डावीकडे बरगड्या दिसणारे मूल, त्याखाली 'कुपोषण : अन्न कमी'. उजवीकडे जाडजूड मूल, त्याखाली 'लठ्ठपणा : अन्न जास्त'. चित्रे ठसठशीत आहेत, मुलांना चटकन समजतात. परंतु तक्ता निम्मेच खरे सांगतो, आणि राहिलेल्या निम्म्यामुळे नुकसान होते असे आमचे मत आहे.

नुकसान कोणाचे? मजुरी करणाऱ्या बाईचे मूल अंगाने सुटले, तर तक्त्याच्या हिशेबाने त्याच्या घरी अन्न जास्त असले पाहिजे. वर्ग त्याला हसतो आणि आपण आईला सांगतो, "खाणे कमी करा." ज्या घरात महिनाअखेरीस डबे रिकामे होतात, त्या घराला दिलेला हा सल्ला आहे.

तक्त्याची मूळ चूक अशी, की तो अन्न एकाच मापाने मोजतो : किती. कोणते, हे विचारत नाही. साधा हिशेब करू. अन्न सुरक्षा कायद्यानुसार (२०१३) प्राधान्य कुटुंबातील माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळते. म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम, साधारण ५७० उष्मांक. प्रौढ माणसाच्या गरजेचा हा जेमतेम चौथा हिस्सा. उरलेले विकत घ्यायचे. १०० ग्रॅम तेलातून ९०० उष्मांक मिळतात, साखरेतून ४००, पालकातून ३०सुद्धा नाहीत. खिशात थोडे पैसे असतील तर पोट कशाने भरावे? तेलकट, गोड पदार्थांनीच. भाजी, दूध, फळे मागे पडतात. याला अडाणीपणा म्हणू नये, हा काटेकोर हिशेब आहे. त्यात शरीराला उष्मांक मिळतात, पण प्रथिने, लोह आणि जीवनसत्त्वे अपुरीच राहतात.

माढा तालुका अवर्षणप्रवण. येथे रब्बी ज्वारीच्या भाकरीला हुलगा, मटकी, तूर, शेंगा यांची जोड शेतातूनच मिळे. तालुक्यातच असलेल्या उजनी धरणाचे (१९८०) पाणी आले आणि ऊस वाढला. पैसा आला हे खरेच. पण ज्या रानात ऊस उभा आहे तेथली कडधान्ये आता दुकानातून येतात. ज्यांना रानच नाही, त्यांना सारेच दुकानातून आणावे लागते.

तक्त्यावरची दोन मुले वेगवेगळ्या घरची दाखवली आहेत. प्रत्यक्षात दोन्ही अवस्था शेजारी नांदतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २०.८ टक्के स्त्रिया उंचीच्या मानाने कमी वजनाच्या आणि २३.४ टक्के जास्त वजनाच्या आढळल्या.

इतकेच नव्हे, तर या दोन्ही अवस्था एकाच शरीरातही असू शकतात. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास केला. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपल्या बाळांत स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला कृश, आतून चरबीयुक्त! गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या, फळे, दूध अधिक घेणाऱ्या मातांची बाळे मोठी होती. एकूण उष्मांकांशी तसा संबंध दिसला नाही. अशा मुलाला पुढे स्वस्त उष्मांक मिळू लागले की चरबी पोटाभोवती साठते, इन्शुलिनचा प्रभाव घटतो आणि मधुमेहाचा धोका वाढतो.

म्हणून वजनकाटाही फसवतो. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४मध्ये स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, शरीरातील चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१ टक्के!

येथे उलट टोकालाही जाऊ नये. अमेरिकेत विल्यम डाएट्झ या बालरोगतज्ज्ञाने १९९५मध्ये एका गरीब घरच्या मुलीच्या उदाहरणावरून प्रश्न विचारला : भुकेमुळे लठ्ठपणा येत असेल का? पुढे तेथे अन्नाची शाश्वती नसलेल्या स्त्रियांत लठ्ठपणा अधिक आढळला. म्हणून 'लठ्ठपणा हा गरिबांचा रोग' असा नवा तक्ता आपण टांगू नये. आपल्याकडे जास्त वजन अजूनही सुस्थितीतील घरांत अधिक दिसते. मात्र गरिबीचे सावट आईच्या पोटातच पडते आणि ते वजनात दिसतेच असे नाही.

मग शिक्षकाने काय करावे? तक्ता फाडू नये. त्याखाली एक प्रश्न लिहावा : 'अन्न कोणते, आणि ते कोणाला परवडते?' आठवडी बाजारात मुलांना पदार्थांचे भाव लिहून आणायला सांगावे. १०० उष्मांकांना किती पैसे पडतात आणि १० ग्रॅम प्रथिनांना किती, हे दोन रकाने वर्गात भरावेत. बिस्किटाचा पुडा, मटकी, शेंगदाणे, दूध, पालक यांचा क्रम दोन रकान्यांत कसा बदलतो ते मुलांनाच शोधू द्यावे. गणित, विज्ञान आणि समाजशास्त्र एकाच तासात होईल. जाड मुलाला हसण्याआधी वर्ग थोडा थांबेल. आणि 'खाणे कमी करा' म्हणण्याआधी आपणही थांबू.