होडींतील जागा

गॅरेट हार्डिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाचा जीवरक्षक नौकेच्या नीतीविषयींचा निबंध १९७४ सालीं प्रसिद्ध झाला, त्यास आज अर्धशतक उलटून गेलें आहे. निष्ठुर म्हणून त्याची पुष्कळ निंदा झाली. अलीकडे अवर्षण, महापूर आणि वाढता समुद्र यांची चर्चा वाढल्यापासून त्यांतील युक्तिवाद, बहुधा लेखकाचें नांव न घेतां, पुन्हां ऐकूं येऊं लागला आहे. तेव्हां मूळ निबंधच एकदां नीट पारखून पाहणें इष्ट होय.

निबंधाचा सारा भार एका रूपकावर आहे. श्रीमंत राष्ट्रें म्हणजे समुद्रावरील होड्या. गरीब राष्ट्रांतील लोक म्हणजे भोंवतालच्या पाण्यांत हात मारणारे. आपल्या होडींत ५० माणसें आहेत, आणखी १० मावतील, पण पाण्यांत १०० आहेत. सर्वांस घ्यावें तर होडी बुडेल. दहांसच घ्यावें तर ते दहा कोणते, हा प्रश्न. शिवाय अडचणीच्या वेळेसाठीं राखलेली मोकळीक गेली. म्हणून कोणासच घेऊं नये, असा हार्डिनचा निर्णय आहे. ज्याच्या मनास हें टोंचत असेल त्यानें खुशाल उतरून आपली जागा दुसऱ्यास द्यावी; त्याचा परिणाम इतकाच कीं होडींत मन टोंचणारा एक माणूस कमी होईल! येथें लेखणीस चांगलीच धार आली आहे, हें मान्य केलें पाहिजे. दयेचा गोड शब्द उच्चारून हिशेब टाळणाऱ्या वाचकास हार्डिन पळवाट ठेवीत नाहीं. जमिनीस, पाण्यास, वनांस मर्यादा आहे, आणि निवड न करणें हीहि पुष्कळदां एक निवडच असते, हा त्याचा आग्रह खोटा नाहीं.

परंतु रूपकाची परीक्षा कशी करावी हें आपल्या साहित्यशास्त्रानें फार पूर्वीं सांगून ठेविलें आहे. उपमेयावर उपमानाचा आरोप करावयाचा तो दोहोंतील साधर्म्याच्या बळावर, आणि साधर्म्य असेल तेवढ्यापुरताच. मुखास चंद्र म्हटलें म्हणून चंद्रावरील डागासाठीं कोणी मुखास लेप लावीत नाहीं. हार्डिन मात्र नेमकें तेंच करतो. त्याची कथा सुरू होते तेव्हां कांहीं माणसें होडींत बसलेलीं असतात आणि कांहीं पाण्यांत पडलेलीं असतात. होडी कोणाच्या लांकडाची, आणि पाण्यांतल्यांची स्वतःची होडी कोठें गेली, हे प्रश्न रूपकाच्या चौकटींत विचारतांच येत नाहींत.

बंगालच्या बाबतींत तर होडी हा शब्द रूपक म्हणून वापरण्याचीहि गरज नाहीं. १९४२ सालीं जपानी सैन्य येईल या भीतीनें ब्रिटिश सरकारनें किनाऱ्याकडील जिल्ह्यांतून दहांहून अधिक माणसें नेऊं शकणाऱ्या हजारों होड्या जप्त केल्या किंवा मोडून टाकिल्या. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत मिदनापूरवर वादळ आलें, समुद्राचें पाणी शेतांत घुसलें आणि भातावर रोग पडला. पुढील वर्षीं दुष्काळ पडला तेव्हां कोणीं जगावें याची यादी आधींच ठरलेली होती. कलकत्त्यांतील कारखान्यांचे कामगार, सरकारी नोकर वगैरे 'अग्रक्रमाच्या' वर्गांस नियंत्रित भावानें धान्य मिळत राहिलें. मेले ते बहुतेक खेड्यांतील भूमिहीन मजूर आणि मासेमार. मृतांची संख्या वीस ते तीस लक्षांच्या घरांत मानतात. अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालच्या आपल्या ग्रंथांत असें मांडलें आहे कीं, १९४३ मधील धान्याचा एकूण पुरवठा, दुष्काळ न पडलेल्या १९४१ सालाहून कमी नव्हता. म्हणजे होडी भरलेलीच नव्हती. या गणिताबद्दल विद्वानांत वाद आहे. कलकत्त्याच्या यादीबद्दल नाहीं.

आपल्या वाचकांस हा विषय परका वाटूं नये, कारण हार्डिनच्या पाण्यांत आपणहि आहों. भारताची साठ कोटि लोकसंख्या आणि वर्षाला तींत पडणारी दीड कोटींची भर, हें त्याच्या निबंधांतील एक मुख्य उदाहरण आहे. त्याच्या आधीं पॅडॉक बंधूंनीं १९६७ सालच्या 'फॅमिन १९७५!' या पुस्तकांत रणभूमीवरील शस्त्रवैद्यांप्रमाणें राष्ट्रांची प्रतवारी लावून भारतास वांचविणें अशक्य अशा वर्गांत घातलें होतें.

आणि हार्डिनचा निबंध छापला जाण्याच्या ऐन आदल्या वर्षीं महाराष्ट्रांत काय चाललें होतें? लागोपाठच्या अवर्षणानंतर १९७३ च्या मे महिन्यांत जवळजवळ ५० लक्ष माणसें दुष्काळी कामांवर होतीं. कोणी खडी फोडीत होतें, कोणी पाझर तलावाची माती वाहत होतें. रेशनवर तांबडी मिलो, कामावर सुकडी. त्या चवी तेव्हांच्या पिढीच्या जिभेवरून अजून गेलेल्या नाहींत. येथें कोणास वांचवावें याची यादी कोणीं केली नव्हती. जो कष्ट करावयास येईल त्याचें नांव मस्टरावर चढवावें, हें धोरण होतें. तें निर्दोष होतें असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याच्यानें घण उचलवत नाहीं त्यास असें धोरण मागेंच टाकतें. मजुरी तुटपुंजी होती, गुरें अतोनात मेलीं, आणि माणसांचे मृत्यु किती वाढले याविषयीं अभ्यासकांचे आकडे जुळत नाहींत. परंतु शस्त्रवैद्यांनीं हात झटकलेला रोगी उठून कामास लागला, एवढें तर घडलें. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून आलेल्या रोजगार हमीचा कायदा याच राज्यांत १९७७ सालीं झाला, आणि २००५ सालच्या केंद्राच्या कायद्यास त्याचाच अनुभव उपयोगी पडला.

हार्डिनचा कैवारी म्हणेल कीं, ही एका अवर्षणाची गोष्ट झाली. पाऊस परत आला. उद्यां जमीनच समुद्राखालीं गेली तर खडी कोठें फोडणार? आक्षेप खरा आहे. सुंदरबनांतील बेटावर राहणाऱ्या शेतकऱ्यास मस्टराचा उपयोग नाहीं. त्यास दुसरीकडे जागाच हवी. पण येथें रूपक पुन्हां फसवितें. हार्डिनचा समुद्र आपोआप आहे तेथें आहे. होडीशीं त्याचें कांहीं नातें नाहीं. आज तो चढतो आहे तो ज्या धुरामुळें, त्यांतील फार मोठा वांटा त्या होड्यांच्याच यंत्रांतून निघालेला आहे. १९७४ सालीं समुद्रास दैवाचा भाग मानला म्हणून लेखकास फार दोष देतां येणार नाहीं. त्याचा युक्तिवाद आज उसना घेणाऱ्यांस मात्र ती सवलत नाहीं.