पुरस्कार काम संपल्यावर की काम सुरू होताना?

आपल्या महाविद्यालयांत पुरस्काराचे चित्र ठरलेले आहे. पीएच.डी. मिळाली की शाल, श्रीफळ आणि दोन भाषणे. ज्या वर्षी त्या अध्यापकाला खरी गरज होती, त्या वर्षी मात्र कोणी विचारपूसही केलेली नसते. या पार्श्वभूमीवर युरोपातील एका पुरस्काराची चिकित्सा उपयुक्त ठरेल.

ॲम्स्टरडॅमचे युरोपियन कल्चरल फाउंडेशन आणि स्वीडनचे रिक्सबांकेन्स जुबिलेउम्सफोंड यांनी तरुण अभ्यासकांसाठी सांस्कृतिक धोरण संशोधन पुरस्कार सुरू केला. रक्कम १०,००० युरो. वैशिष्ट्य असे की, तो पूर्ण झालेल्या प्रबंधाला नव्हे, तर नियोजित संशोधनाच्या आराखड्याला मिळे. २००४ मध्ये क्रोएशियाच्या नीना ओबुल्येन यांना तो मिळाला. युरोपीय संघाच्या विस्ताराचा संक्रमणकाळातील देशांच्या सांस्कृतिक धोरणांवर काय परिणाम होतो, हा त्यांचा विषय. २००६ मध्ये त्यावर पुस्तक निघाले. २०१६ मध्ये त्या आपल्या देशाच्या संस्कृतिमंत्री झाल्या. मंत्रिपद पुरस्कारामुळे मिळाले असे म्हणणे घाईचे होईल. परंतु योग्य वेळी योग्य प्रश्नाला बळ मिळाले, हे निश्चित.

पुढे २०१४ पासून एन्कॅटक या संस्थेने स्वतःचा पुरस्कार सुरू केला. तो पूर्ण झालेल्या पीएच.डी. प्रबंधांसाठी आहे. तयार प्रबंधाची पारख सोपी, आराखड्यात अपयशाची जोखीम असते, हे खरे. तथापि पहिल्या पद्धतीत आधार मिळतो, दुसरीत सन्मान. दोन्हींतला हा फरक विसरता कामा नये. पहिल्या पद्धतीतही एक उणीव राहतेच : निवड एकाची होते, बाकीचे अर्जदार रिकाम्या हाताने परततात.

आपल्यासाठी हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. अल्पसंख्याक समाजातील संशोधकांना मासिक आधार देणारी, २००९ साली सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती बंद करीत असल्याचे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने जाहीर केले. सीमाभागातील उर्दू-मराठी वाचनालयांच्या अनुदानाचा अभ्यास करू पाहणाऱ्या तरुण अध्यापिकेने आता कोणाकडे पाहावे?

शिक्षणसंस्थांनी रक्कम लहान ठेवावी, पण निम्मी आराखडा मंजूर होताच द्यावी आणि उरलेली पहिला मसुदा आल्यावर. मराठी किंवा उर्दूतील लेखन स्वीकारावे. नाकारलेल्या प्रत्येक अर्जावर परीक्षकांचा लेखी अभिप्राय द्यावा. शाल नंतरही देता येईल.