गोवंडीची गल्ली आणि एका दिवसाचे छायाचित्रण

रस्त्यावरील छायाचित्रणाची चर्चा आपल्याकडे बहुधा तंत्राच्या अथवा छंदाच्या अंगाने होते. सकाळी कॅमेरा गळ्यात अडकवून निघावे, एखादे मोठे शहर दिवसभर पायी हिंडावे आणि सायंकाळी त्या शहराचे ‘दर्शन’ घेऊन परतावे, हा या कलाप्रकाराचा रूढ साचा होय. हा साचा गोवंडीस लावून पाहणे व तो तेथे कोठे आणि का अपुरा पडतो याचा विचार करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या कलाप्रकाराच्या सौंदर्यविचारावर फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ याच्या १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा प्रभाव मोठा आहे. त्याच्या इंग्रजी आवृत्तीच्या नावावरून ‘निर्णायक क्षण’ ही संज्ञा सर्वत्र रूढ झाली. मूळ फ्रेंच नाव मात्र निराळे आहे : ‘इमाज आ ला सोव्हेत’. परवान्यावाचून रस्त्यावर माल मांडणारा आणि पोलीस दिसताच गाठोडे उचलून पळणारा जो फेरीवाला, त्याच्या विक्रीस फ्रेंच भाषेत हा शब्दप्रयोग लावतात. घाईघाईने, लपतछपत उरकलेला व्यवहार, असा त्याचा भाव. एका नावात कलावंताच्या प्रतिभेचा गौरव आहे. दुसऱ्यात, आपण काहीतरी न विचारता उचलीत आहोत, याची कबुली आहे. टीकाकारांनी गौरव उचलला आणि कबुली विसरली, असे म्हणावयास हरकत नाही. गोवंडीत तर खराखुरा फेरीवालाच चित्राचा विषय होऊन बसतो. तेव्हा तेथे ही कबुली पुन्हा आठवणे प्राप्त आहे.

अनोळखीपणा आणि अंतर ही निर्णायक क्षणाची दोन गृहीतके होत. रुंद रस्त्यावर शेकडो माणसांत छायाचित्रकार विरघळून जातो; तो पाहतो, पण दिसत नाही. गोवंडी स्थानकाबाहेरच्या बाजारात हे काही काळ साधतेही. परंतु तेथून शिवाजीनगरच्या आतल्या गल्ल्यांत शिरताच स्थिती पालटते. पाण्याचे पिंप, धुण्याचे दगड, उंबऱ्यावर बसून भाजी निवडणाऱ्या बायका, दारातून दिसणारी जरीकामाची चौकट : हे सारे गल्लीत आहे, कारण घरात त्यास जागा नाही. ही गल्ली म्हणजे रस्ता नव्हे; ते अंगण आहे. आणि परक्याच्या अंगणात शिरताना विचारण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. तंत्राची साक्षही हीच आहे. दोन माणसे जेमतेम ओलांडतील अशा गल्लीत विशालकोनी भिंग लावल्यावाचून चित्र मावत नाही. आणि ते भिंग लावले म्हणजे माणसापासून दोन पावलांवर उभे राहावे लागते. दोन पावलांवरून कोणी अदृश्य राहू शकत नाही. येथे चित्र मिळते ते एक तर संमतीने, नाही तर संकोच सोडून.

दुसरा प्रश्न प्रकाशाचा. गल्ल्यांच्या वस्तीतून पुनर्वसनाच्या इमारतींकडे वळले म्हणजे तो अधिक तीव्रपणे जाणवतो. नटवर पारेख कंपाउंड या वसाहतीत सात मजली ५९ इमारती असून त्यांच्यामधील अंतर काही ठिकाणी अवघे तीन मीटर आहे. झोपडपट्टी पुनर्वसनासाठी मोकळ्या जागेचे सामान्य नियम शिथिल केले जातात, त्याचे हे फळ. इमारतीची उंची स्थूलमानाने २४ मीटर धरली, तर दक्षिणोत्तर बोळाच्या तळाशी थेट ऊन पोहोचण्यास सूर्य पूर्व-पश्चिम दिशेने माथ्यापासून सात अंशांच्या आत असावा लागतो. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. म्हणजे सारा हिशेब मध्यान्हीच्या सुमारे एका तासाचा. छायाचित्रणाची पाठ्यपुस्तके काय सांगतात? सकाळचा व सायंकाळचा तिरपा प्रकाश उत्तम. भर दुपारी कॅमेरा मिटावा. ज्या घटकेस छायाचित्रकार चहाच्या टपरीवर विसावतो, नेमकी तीच घटका या बोळाच्या वाट्याला आलेली असते. त्याच्या सोनेरी सायंकाळी येथील खालच्या मजल्यांवर दिवे केव्हाच लागलेले असतात.

ही केवळ कलेची अडचण असती, तर येथे तिची चर्चा करण्याचे प्रयोजन नव्हते. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने २०१८ मध्ये पुढे आणलेल्या अभ्यासात नटवर पारेख व लल्लुभाई कंपाउंड यांची तुलना अधिक मोकळ्या रचनेच्या दुसऱ्या एका वसाहतीशी केली होती. ऊन व वारा यांचा अभाव आणि क्षयरोग यांचा संबंध तीत स्पष्ट झाला. खालच्या मजल्यांची स्थिती विशेष वाईट आढळली. छायाचित्र हे प्रकाशाचे लेखन होय, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. जेथे प्रकाशाचा अभाव हेच जीवनाचे मुख्य दुःख आहे, तेथे काळोखाचे ‘नाट्यमय छायाभेद’ म्हणून कौतुक करणारी समीक्षा अपुरी तर आहेच. ती काहीशी निष्ठुरही आहे.

मग पर्याय कोणता? दोन उदाहरणे उपयोगी पडतील. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची कृष्णधवल चित्रमालिका वर्षानुवर्षांच्या सहवासातून उभी केली. कामगार कामाच्या जागी दिसतात, तसेच घरीही दिसतात; म्हणून घाण हा त्यांचा परिचय न ठरता त्यांच्यावर लादलेली परिस्थिती ठरते. ओलवे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. योगायोग असा की, त्याच वर्षीच्या जानेवारीत देवनारच्या डम्पिंग ग्राउंडला लागलेल्या आगीचा धूर नासाच्या उपग्रहचित्रांत दिसला होता. हा परिसर अंतराळातून दिसला, पण दोन पावलांवरून पाहणारे थोडेच. दुसरे उदाहरण फेब्रुवारी २०२३ मधील गोवंडी कला महोत्सवाचे. नटवर पारेख कंपाउंडमध्येच भरलेल्या या महोत्सवासाठी स्थानिक तरुणांनी छायाचित्रणासह अनेक कलांचे शिक्षण घेतले, आणि त्यांचे काम त्यांच्याच शेजाऱ्यांसमोर मांडले गेले. महोत्सवात कंदिलांची मिरवणूकही होती. ज्या बोळांना ऊन क्वचित लाभते, तेथे रहिवाशांनी स्वहस्ते उजेड नेला, ही गोष्ट अर्थपूर्ण वाटते.

यावर एक आक्षेप संभवतो. आतला माणूस जे टिपील ते आपोआप श्रेष्ठ, असे मानले तर समीक्षेचे कामच संपते. आक्षेप रास्त आहे. ओलवे हे त्या कामगारांपैकी नव्हते. आणि सवयीने रहिवाशाचीही दृष्टी बोथट होऊ शकते. म्हणून कसोटी जन्माची किंवा पत्त्याची नसावी. ती चित्रातच शोधता आली पाहिजे. चित्रातील माणसाला छायाचित्रकार दिसतो आहे काय, आणि दिसत असल्यास त्या नजरेत कोणते नाते आहे? चित्र कोणत्या घटकेचे आहे, आणि ती घटका कोणाच्या सोयीची? हे चित्र त्या माणसासमोर, त्याच गल्लीत टांगता येईल काय?

या प्रश्नांना एका दिवसाच्या भटकंतीत उत्तरे मिळणे कठीण आहे. परंतु तो दिवस अगदीच व्यर्थ जातो असेही नाही. देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था १९५४ पासून याच परिसरात आहे. तेव्हा कॅमेरा घेऊन येणाऱ्या अभ्यासकांची येथे वाण नाही. त्यांनी पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीत ठेवून, भर दुपारी एखाद्या बोळात तासभर उभे राहावे. ऊन कोठवर येते आणि केव्हा परतते, एवढे पाहिले तरी दुसऱ्या दिवसाचे पहिले छायाचित्र निराळे निघेल.