खेळ की खोका?

जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका लिलावात ‘सुपर मारियो ६४’ या १९९६ सालच्या व्हिडिओ गेमची सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. आता बघा, या गेमच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या आहेत. म्हणजे किंमत आली ती न फाडलेल्या वेष्टनाला. आमचा आक्षेप इथंच आहे. खेळाचं अस्तित्व खेळण्यात असतं. ‘लेजंड ऑफ झेल्डा’च्या जुन्या कॅसेटमध्ये खेळाडूची मजल जपून ठेवणारी छोटी बॅटरी आहे, ती कधीतरी संपणारच. कॅसेट उघडून, सोल्डर करून नवी बॅटरी बसवणाऱ्यालाच आम्ही संग्राहक म्हणू. सील जपणारा फक्त गुंतवणूक करतो. खेळ मात्र आत मुका पडून राहतो.