सील थोडं गळतं म्हणून टिकतं: लेबेकचं पुस्तक वाचताना

आमच्या घाटकोपरच्या सोसायटीतला पंप टपकायला लागला की प्लंबर एकच सांगतो, "सील गेलं." निदान बहुतेक वेळा बरोबर असतं. मला अर्धवट वाटतं ते पदवीच्या पुस्तकांतलं वर्णन: शाफ्टबरोबर फिरणारी एक रिंग, केसिंगमध्ये बसवलेली दुसरी स्थिर रिंग, स्प्रिंग दोघींना दाबून धरते, पाणी अडतं. झालं! अहो, पण त्या खरंच कोरड्या घासल्या तर सील थोड्याच वेळात तापून निकामी होतं.

ॲलन लेबेकचं 'प्रिन्सिपल्स अँड डिझाइन ऑफ मेकॅनिकल फेस सील्स' (1991) इथे डोळे उघडतं. तो सीलकडे झाकण म्हणून नाही, बेअरिंग म्हणून बघतो. दोन फेसच्या मध्ये साधारण एका मायक्रॉनच्या आसपासची, कधी त्याहून पातळ, पाण्याची फिल्म असते आणि बराचसा भार तीच पेलते. थोडं पाणी झिरपतंच. बाहेर येईपर्यंत त्याची वाफ होते, म्हणून दिसत नाही इतकंच. आता गंमत बघा: गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली की गळती आठपट. फट मिटवली तर झीज. डिझायनर या दोघांमध्ये अडकलेला असतो.

माझी तक्रार वेगळी आहे. अगदी सपाट, समांतर फेस असतील तर रेनॉल्ड्सच्या समीकरणानुसार नुसत्या फिरण्याने दाब तयार व्हायला नको. मग फिल्म भार पेलते कशी? लेबेकने स्वतःच 1987 च्या दोन भागांतल्या शोधनिबंधात यामागची संभाव्य कारणं एकेक करून तपासली होती. पुस्तकात मात्र सूत्रं इतकी सलग येतात की नवख्या वाचकाला प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. मला तरी वाटला, आणि त्यात माझं एक सेमिस्टर गेलं. म्हणून आधी ते निबंध वाचा, मग पुस्तक. लेझरने फेसवर खळगे पाडण्याचं इत्सियनचं काम पुस्तकानंतरचं आहे, ते वेगळं शोधावं लागेल.

अजून एक. फेसचा सपाटपणा ऑप्टिकल फ्लॅटखाली हेलियम प्रकाशाच्या पट्ट्यांवरून मोजतात. एक पट्टी म्हणजे सुमारे 0.29 मायक्रॉन. पण ते मोजमाप थंड, थांबलेल्या रिंगचं. चालू पंपात तापून फेस किंचित शंकूसारखा होतो आणि फिल्ममधला दाबच बदलतो.

सोसायटीचं जुनं सील सध्या माझ्या टेबलावर आहे. कार्बनवरचा झिजेचा पट्टा एका बाजूला रुंद, समोर जेमतेम. वाकडं बसवल्यामुळे की तापून वाकल्यामुळे, ते अजून ठरत नाहीये.