नावाचा वाद आणि नाल्यातले जनुक

एप्रिल २०११ मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’ या वैद्यकीय नियतकालिकाने दिल्लीच्या पाण्याविषयीचा एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. कार्डिफ विद्यापीठाचे टिमथी वॉल्श आणि त्यांचे सहकारी हे त्याचे लेखक. निबंधावरून आपल्याकडे मोठा गदारोळ झाला. त्यात निबंधातले बळकट काय आणि कच्चे काय, हा प्रश्न मात्र मागे पडला. विज्ञान शिकवणाऱ्याला हाच प्रश्न महत्त्वाचा वाटायला हवा, म्हणून त्या निबंधाकडे पुन्हा एकदा वळू या.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. २००८ मध्ये, भारतात रुग्णालयात राहून स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात क्लेब्सिएला न्यूमोनिए हा जीवाणू सापडला. इतर प्रतिजैविके हरली की डॉक्टर कार्बापेनेम गटातील राखीव औषधे वापरतात. या जीवाणूवर तीही चालेनात. तो एक विकर तयार करत होता. हे विकर जस्ताच्या अणूंच्या साहाय्याने औषधाच्या रेणूतील चार अणूंचे कडे फोडते, आणि कडे फुटले की औषध निकामी होते. या विकराला ‘न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’, थोडक्यात एनडीएम-१, असे नाव मिळाले.

वॉल्श यांचा प्रश्न साधा होता: या विकराचे जनुक रुग्णालयाच्या भिंतींच्या आतच आहे की बाहेरही आले आहे? २०१० च्या सप्टेंबरअखेरीस व ऑक्टोबरच्या सुरुवातीस दिल्लीतून नळाच्या पाण्याचे ५० आणि रस्त्याकडेला साचलेल्या वा वाहणाऱ्या पाण्याचे १७१ नमुने घेण्यात आले. जनुक आढळले ते नळाच्या २ आणि रस्त्यावरच्या ५१ नमुन्यांत.

पण जनुक दिसले म्हणजे ते कोणत्या जीवाणूत आहे, हे कळत नाही. त्यासाठी जीवाणू वेगळा वाढवून पाहावा लागतो. लेखकांनी तेही केले. रस्त्यावरच्या १२ आणि नळाच्या २ नमुन्यांतून जनुक बाळगणारे जीवाणू वाढले. त्यांतील ११ जातींत हे जनुक पूर्वी कधी नोंदले गेले नव्हते आणि त्यांत पटकीचा व हगवणीचा जीवाणूही होता. बरेचदा हे जनुक प्लाझ्मिडवर असते. प्लाझ्मिड म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरचे डीएनएचे छोटे कडे. एक जीवाणू त्याची प्रत दुसऱ्याला, अगदी परक्या जातीच्या जीवाणूलाही, देऊ शकतो. ही देवघेव २५ किंवा ३७ अंशांपेक्षा ३० अंश सेल्सिअसला अधिक वेळा होते, असे प्रयोगात दिसले. म्हणजे माणसाच्या शरीरापेक्षा आपल्या उघड्या गटाराचे तापमान तिला अधिक मानवते. माझ्या मते निबंधाचा गाभा हा आहे.

आता उणिवा. नमुने एकाच हंगामातले आहेत. उन्हाळ्यात किंवा ऐन पावसात काय दिसते, हे त्यावरून सांगता येत नाही. रस्त्यावरचे पाणी बोळ्याने टिपलेले असल्याने जनुक आहे की नाही एवढे कळते, किती आहे ते कळत नाही. सर्वांत कच्ची बाजू तुलनेची आहे. तुलनेसाठी कार्डिफच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातले नमुने घेतले आणि त्यांत जनुक मिळाले नाही. परंतु रस्त्यावरचे उघडे पाणी आणि केंद्रातले सांडपाणी या एका जातीच्या वस्तू नव्हेत. शिवाय हवामानही वेगळे. दिल्लीत काही विशेष आहे का, हे ठरवायचे तर मुंबई, चेन्नई, ढाका अशा शहरांतले तसेच पाणी तपासायला हवे होते.

ही टीका आपल्याकडून व्हायला हवी होती. झाला तो नावाचा वाद. त्याला निमित्तही होते. याच गटाच्या २०१० च्या निबंधात भारतात शस्त्रक्रियेसाठी रुग्ण पाठवू नयेत, अशा अर्थाचा सल्ला होता. प्रयोगशाळेतल्या निरीक्षणावरून एवढी उडी घेणे योग्य नव्हते. ‘लॅन्सेट’चे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी जानेवारी २०११ मध्ये नावाबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. तथापि शहराचे नाव देणे ही त्या क्षेत्रातली रूढीच होती. ‘व्हीआयएम’ या विकरात इटलीतले व्हेरोना आहे, ‘एसपीएम’मध्ये ब्राझीलचे साओ पाउलो.

राग करताना आपण आपलाच पुरावा विसरलो. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी मार्च २०१० मध्ये, म्हणजे लॅन्सेटच्या आधी, भारतीय वैद्यकीय नियतकालिकातच लिहिले होते की कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या २४ जीवाणूंपैकी २२ मध्ये एनडीएम-१ आढळले. त्यात परक्यांचा कट कुठला? पुढे २०१९ मध्ये हेच जनुक आर्क्टिकमधील स्वालबार्डच्या मातीत सापडल्याची नोंद झाली. जनुकाला गावाच्या वेशी कळत नाहीत.

वर्गात आपण सांगतो, “गोळ्या अर्धवट घेतल्या की जंतूंना औषधाची सवय होते.” या वाक्यात दोन चुका आहेत. जीवाणूला सवय होत नाही. औषधाने इतर मरतात, रोधक्षम तेवढे उरतात आणि वाढतात. शिवाय ते आपले जनुक शेजाऱ्यालाही देतात. दुसरी चूक अशी की सारा दोष रोग्याच्या माथी जातो आणि गटार, गळकी जलवाहिनी, शुद्धीकरण न झालेले सांडपाणी चित्रात येतच नाही. नळाच्या त्या दोन नमुन्यांमागे कोणी अर्धवट टाकलेल्या गोळ्यांखेरीज बरेच काही असले पाहिजे.

नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर १७१, ५१ आणि १२ हे तीन आकडे लिहावेत. ५१ आणि १२ मध्ये फरक का, हे मुलांना विचारावे. मग विचारावे, “तुम्ही असतात तर पुढचा नमुना कुठून घेतला असता?” मुले आपल्याच गावातल्या नाल्याचे नाव घेतील. तिथून खरा पाठ सुरू होईल.